रस्त्याकडच्या खिडकीची ताटी

बाबांनी शेजारच्या कापसाच्या जिनातून शिडी मागून आणली, की आमच्याकडे उन्हाळा लागला असं समजायचं. होळीची राख अजून चौकात पडलेली असायची, पहाटे पांघरूणही लागायचं, पण बाबांना दम नसे. रविवारचा चहा झाला की धोतर खोचून ते माळ्यावर चढत आणि वरून एकेक ताटी खाली सोडत. ताटी म्हणजे वाळ्याची. बांबूच्या कामट्यांची चौकट करायची, तिच्यात वाळ्याची मुळं दाबून भरायची, सुतळीनं आवळायची, मग ती खिडकीला बाहेरून टांगून दुपारभर तिच्यावर पाणी मारत राहायचं. दुपारची तापलेली लू त्या ओल्या मुळांतून आत आली की गार होऊन यायची, वासासकट. आता हे सगळं समजावून सांगावं लागतं. माझ्या नातवाला वाळा म्हणजे सरबताची हिरवी बाटली, एवढंच ठाऊक आहे.

आम्ही पांढरकवड्याला होतो. बाबा तिथल्या कोर्टात नाझर होते. समन्स, जप्त्या, बेलिफ हे सगळं त्यांच्या हाताखाली चाले. घर भाड्याचं होतं, कोण्या जुन्या काळी जिनाच्या मॅनेजरसाठी बांधलेलं. भिंती हातभर जाड, वर कवेलू, खाली शहाबादी फरशी, आणि पुढची, मधली, मागची अशा तीन खोल्या रेल्वेच्या डब्यांसारख्या एकामागे एक. तिन्हींची दारं एका ओळीत. खिडक्यांतली मात्र मोजून मापून एकही सरळ नव्हती. घर खचत गेलं तशी एकेक चौकट आपापल्या बाजूला कलली होती, त्यामुळे एका खिडकीची ताटी दुसरीला बसत नसे. बाबा शिडीवरून ओरडत, "ही नव्हे, ही तर जज्जसाहेबाची! डाव्या अंगानं झुकलेली पाहा." एका खिडकीला त्यांनी "आपली आत्या" असं नाव दिलं होतं, कारण ती उन्हाळ्यात फुगायची आणि मिटायची नाही. एरवी घरात न हसणारा हा माणूस त्या रविवारी खरोखर आनंदात असे. आई खाली उभी राहून सुतळी देई आणि मी जुन्या ताट्या झाडून त्यांतली कुजकी मुळं उपसून काढी. ज्या खिडक्यांना वाळा परवडत नसे त्यांना जिनातला बारदाना ओला करून लावत. संध्याकाळपर्यंत घर आतून विहिरीसारखं होऊन जाई.

पुढच्या दाराची एक वेगळीच तऱ्हा होती. त्याची फळकुटं सुकून इतकी वाकली होती की आतून कडी घातली तरी मधे बोटभर फट राहायची आणि तिच्यातून लू भात्यासारखी आत शिरायची. बाहेरून मात्र कोयंडा ओढून कुलूप ठोकलं की दोन्ही फळ्या एकमेकींना घट्ट चिकटत. उन्हाळ्यात कोर्ट सकाळचं असे. बाबा बाराच्या सुमारास घरी येत, जेवण झालं की बाहेरून कुलूप लावत, घराला वळसा घालून मागच्या दारानं आत येत. चार वाजेपर्यंत ते कुलूप तसंच. घरात माणसं आणि दाराला कुलूप, याची गल्लीतल्या जुन्या लोकांना सवय होती. नवा पाहुणा मात्र हमखास परत जायचा, आणि बाबांना त्याचंही फारसं दुःख नसे.

मी सांगते आहे तो उन्हाळा दादा घर सोडून गेल्यानंतरचा. मनोहरदादा माझ्याहून बराच मोठा. यवतमाळच्या कॉलेजात त्याला घातलं होतं, पण त्याचा जीव इंजिनात. कॉलेज सोडून तो मोठ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात ट्रकखाली झोपायला लागला, आणि ते बाबांना बेलिफाच्या तोंडून कळलं. थंडीचे दिवस होते. बाबांनी त्याच्यासाठी कोर्टात नकलनवीसाची जागा बोलून ठेवली होती. दादा म्हणाला, "मले लिहिणं जमत नाही बाबा. मले टरकाचं काम येते, तेच करीन." बाबांनी त्याचे हात धरून उलटे केले, नखं पाहिली आणि म्हणाले, "आमच्या घरात असे हात कोणाचे नव्हते. हे हात घेऊन जायचं तिकडे जा. पुन्हा तोंड दाखवू नको." दादानं थाळीतली भाकर तशीच टाकली आणि गेला. अदिलाबादकडे जाणाऱ्या एका ट्रकवर बसला, एवढंच मागून कळलं. बाबांनी त्यानंतर त्याचं नाव घेतलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी घरातच पाहिलं.

आईनं नाव घेणं सोडलं नाही, पण ती ते खिडकीशी घेई. पुढच्या खोलीत रस्त्याकडची एक मोठी खिडकी होती. त्या खिडकीतून एसटीचा थांबा दिसे, नागपूरकडून अदिलाबादकडे आणि तिकडून इकडे जाणारे ट्रक दिसत. आई तिथं बसून डाळ निवडी, कैऱ्या कापी, माझी वेणी घाली. गाडी थांबली की तिचा हात माझ्या केसांत थांबे. गाडी गेली की पुन्हा पेड सुरू होई. मला ते आवडत नसे. माझी वेणी चालू असताना तिचं लक्ष माझ्याकडे असावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते मागावं कसं हे समजत नव्हतं. दादा गेल्यापासून घरात मी होते खरी, पण कोणाच्या नजरेत नव्हते.

त्या वर्षी बाबांनी शिडी आणली तेव्हा आई सुतळी देता देता म्हणाली, "औंदा रस्त्याकडची राहू द्या ना उघडी."

बाबा शिडीवरच थांबले. "ती पश्चिमेची आहे. सगळ्यात जास्त आग तीच ओकते. पहिले तीच झाकायला पाहिजे."

"एवढी काही नाही तापत."

"नाही कशी तापत? मागच्या साली तूच म्हणत होतीस, भट्टी आहे म्हणून."

आईनं सुतळीचं पुढचं टोक वर दिलं. ती खिडकी उघडी कशासाठी हवी हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघांनीही तापण्याबद्दलच बोलायचं असं जणू ठरलं होतं. बाबांनी नवा वाळा आणला होता, तो सगळा त्याच खिडकीच्या ताटीत भरला. इतकी दाट ताटी त्यांनी कधी केली नव्हती. टांगून झाल्यावर आत येऊन त्यांनी हात लावून पाहिलं, कुठून उजेड येतो का. डाव्या कोपऱ्यात चौकट कलल्यामुळे चवलीच्या नाण्याएवढी फट राहिली होती, तेवढीच.

मग दुपारी सुरू झाल्या. जेवणात तेव्हा आंबील असे, कांदा असे, कैरीची चटणी असे. बाबा शेवटचा घास घेऊन कुलूप लावून येत, ताट्यांवर बादल्या मारत आणि म्हणत, "चला, पडा आता." पुढच्या खोलीत सतरंजीवर आम्ही तिघं ओळीनं पडत असू. एका बाजूला बाबा, कपाळावर आडवा हात. दुसऱ्या बाजूला आई, तोंड भिंतीकडे. मधे मी. बाहेर पाणी टिपटिपत असे. अंधार इतका, की जवळचा चेहराही नीट दिसत नसे. आणि वास! वाळ्याचा तो ओला वास लोकांना आवडतो, अत्तरं करतात त्याची. मला आजही तो नको वाटतो.

झोपत कोणीच नव्हतं. हे मला दोनतीन दिवसांतच कळलं. झोपलेल्या माणसाचा श्वास मला ओळखता येई. दादा शेजारी घोरायचा तेव्हापासूनची ती माहिती. बाबांचा श्वास जाग्या माणसाचा होता आणि आईचा तर ऐकूच येत नसे, कारण ती रस्त्याकडे कान लावून पडलेली असे. खिडकी झाकली तरी आवाज कोण झाकणार? मोठा ट्रक आला की फरशी हलकी थरथरे, आणि आईची पाठ ताठ होई. आपण जागी आहोत हे बाबांना कळू नये म्हणून आई हलत नसे. आई जागी आहे हे आपल्याला कळलंय, हे तिला कळू नये म्हणून बाबा हलत नसत. आणि मी दोघांच्या मधे डोळे मिटून पडे, कारण पोर तरी झोपलं एवढं समाधान त्यांना असावं असं मला वाटे. इतकी एकटी मी नंतर कधीच पडले नाही. पुढं विधवा झाले, मुलगा परदेशी गेला होता ती वर्षंही काढली; पण दोन जाग्या माणसांच्या मधोमध झोपेचं सोंग घेऊन पडणं, त्यातलं एकटेपण निराळंच होतं.

माझी एक करमणूक होती. कधी डोळे किलकिले केले की कोपऱ्यातल्या त्या फटीतून समोरच्या भिंतीवर रस्ता उतरलेला दिसे, उलटा. आकाश खाली, जमीन वर, आणि वरून बैलगाड्या, सायकली, ट्रक चाकं वर करून सरकत जात. पुढं शाळेत मास्तरांनी याचं कारण शिकवलं. तेव्हा मात्र मला वाटे की हा फक्त माझ्यासाठीचा बायस्कोप आहे. मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला?

वैशाखातली गोष्ट. संध्याकाळी अंगणात सडा मारून झाला आणि बाबा मला घेऊन पान खायला निघाले. समोर रस्त्यापलीकडे गजूनं त्याच वर्षी पानठेला टाकला होता. तो इजासणकडचा, गावात नवा. पान लावता लावता तो म्हणाला, "नाझरसाहेब, दुपारी कुठी गेलते? पाहुणा आलता तुमच्याकडं."

"कोण पाहुणा?"

"मले काय माहीत जी. टरकातून उतरला. कपडे पुरे काळे, हात गिरीसनं भरेल. पण नाक म्हणसान तं तुमचंच." गजू हसला. "वट्यावर चढला, तेवढं पायलं. मंग मायाबी डोया लागला. उठलो तं टरक नव्हता न् तोही नव्हता. कुलूप पाहून गेला असन."

बाबांनी पान घेतलं. ते तोंडात घालायचं विसरून तसंच हातात धरून ते रस्ता ओलांडून परत आले. माझा हात सुटला हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. आई मागच्या अंगणात वाळत घातलेल्या खारोड्या उचलत होती. बाबा तिच्यासमोर उभे राहिले आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा त्यांनी ते नाव घेतलं.

"मनोहर आला होता दुपारी. कुलूप पाहून गेला."

आईच्या ओच्यातल्या खारोड्या खाली पडल्या. ती बाबांकडे पाहत राहिली. मग तिच्या तोंडून निघालं, "पण त्याले तर..." आणि ती थांबली.

मी पुढं झाले. "हो ना! दादाले तर माहीत आहे आपलं कुलूप. मागून..."

"बेबी, पाणी आण बाबांना," आई म्हणाली. अशा आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी पाणी घेऊन आले तेव्हा ती खाली बसून खारोड्या वेचत होती आणि स्वतःशीच म्हणावं तसं म्हणत होती, "कुलूपच होतं ना दाराला. काय करन बिचारा. कुलूप दिसल्यावर कोण थांबते?"

"मीच लावलं होतं," बाबा म्हणाले.

"तुम्ही काय रोजच लावता."

तेव्हापासून आमच्या घरात तेच खरं झालं. दादा आला, कुलूप पाहिलं, घरात कोणी नाही असं समजून गेला. जन्मापासून ज्यानं ते कुलूप पाहिलं, लहानपणी ज्यानं ते कितीदा स्वतः लावलं, तो त्याला फसला, यावर आम्ही तिघांनीही विश्वास ठेवायचं ठरवलं. दुसरं जे काही खरं असू शकलं असतं ते फार वाईट होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती कोणी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा कोर्टातून आले. कुलूप त्यांनी लावलं नाही. काठी घेऊन रस्त्याकडच्या खिडकीची ती दाट ताटी त्यांनी खाली ओढली आणि भिंतीशी टेकवून ठेवली. मग आतली खुर्ची आणून, डोक्याला ओला पंचा गुंडाळून खिडकीसमोर बसले. लू सरळ त्यांच्या तोंडावर येत होती. समोरच्या भिंतीवर ऊन पडलं आणि माझा रस्ता नाहीसा झाला.

आई म्हणाली, "ऊन लागन तुम्हाला. मी बसते, तुम्ही पडा."

"नाही. तू पड."

"अहो, पण आज कशाला येणार तो?"

"आज नाही तर उद्या. घर उघडं दिसलं पाहिजे."

आई त्यांच्या मागं उभी राहिली. तिला हवी होती ती खिडकी तिला मिळाली, पण आता तिथं तिची जागा नव्हती. थोड्या वेळानं तिनं कांदा फोडून त्यांच्या हातात दिला आणि मधल्या खोलीत जाऊन पडली. मी कोणाजवळ जावं हे मला कळेना. मी मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिले, एकीकडे झळ, एकीकडे ओल.

पुढचे सगळे उन्हाळे तसेच गेले. बाकीच्या खिडक्यांना ताट्या लागत, ती एक उघडी. एका उघड्या खिडकीनं सगळं घर तापतं. बाकीच्या ताट्यांना पाणी मारण्यात मग काही अर्थ उरत नाही, पण मारत होतो. शिडीवरची थट्टा बंद झाली. बाबांच्या चेहऱ्याची कातडी त्या बाजूनं काळी पडली. कोर्टातले लोक म्हणत, नाझरसाहेबाला काय झालं? दादाला बोलावून घ्या, माणूस पाठवा, असं मामानं एकदा सुचवलं तर बाबा म्हणाले, "मी हाकलला आहे. मी कोणत्या तोंडानं बोलावू? तो आपणहून आला होता, येईल." आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार काय.

दादा आला तो माझ्या लग्नाला, मामाच्या निरोपावर. पुढच्या दारानं आला, ते सताड उघडं होतं. बाबा म्हणाले, "गाडीला उशीर झाला का?" तो म्हणाला, "थोडा." मांडवात दोघांनी मिळून पाण्याची पिंपं हलवली. नंतर तो येत जात राहिला, बायको घेऊन आला, मुलं घेऊन आला. बाबांनी अखेरपर्यंत कुलपाचा विषय त्याच्यापुढं काढला नाही. फक्त शेवटच्या दुखण्यात, दादा औषध आणायला गेलेला असताना, मला म्हणाले, "त्या दिवशी एक कुलूप लावलं नसतं तर..." मी म्हटलं, "बाबा, आला ना तो." ते म्हणाले, "त्या दिवशी आला होता."

गेल्या उन्हाळ्यात दादा माझ्याकडे यवतमाळला राहायला आला. त्याचेही पाय आता चालत नाहीत. माझ्या मुलानं खिडक्यांना जाड, मागून रबर लावलेले पडदे बसवले आहेत. ओढले की भर दुपारी दिवा लावावा लागतो. एसी चालू होता. आम्ही दोघं म्हातारे आपापल्या पलंगावर पडलो होतो. अंधारात विचारणं सोपं जातं. मी विचारलं, "दादा, त्या वैशाखात तू घरी आला होतास, कुलूप पाहून गेलास. तुला ते उन्हाळ्याचं कुलूप आठवलं नाही का रे?"

तो म्हणाला, "कुलूप कायले विसरीन? मागून आलतो ना मी."

"मागून?"

"मागचं दार लोटेल होतं. उघडून पाहिलं तं तिन्ही खोल्या सरळ दिसल्या. पुढच्या खोलीत तुम्ही तिघं झोपेल होते. बाबा असा हात ठेवून, आई भिंतीकडं, तू मधात. काय गार वास आला बेबी आतून! मी सकाळपासून टरकात भाजून राह्यलो होतो. वाटलं, किती सुखानं झोपले हे. आपल्यावाचून इथं काही अडलं नाही. मंग दार लोटून घेतलं न् गेलो."

मागचं दार वाजल्याचं मला आठवत नाही. वाजलं असेलच, मांजर रोज ढकलायची ते.

मी म्हटलं, "दादा, झोपलं कोणीच नव्हतं रे. आम्ही तिघंही जागे होतो. रोजच."

तो कोपरावर उठून बसला. पडद्यांमुळे मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. "जागे होते?" तो म्हणाला. "मंग कोणी वळून काहून नाही पाहिलं?"

म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलून काय करायचं? मी त्याला सांगितलं, "वळलो असतो तर आपण जागे आहोत हे बाकीच्या दोघांना कळलं असतं."